गोटा झालेला टायर आणि पावसाळ्याचा रस्ता

मृग नक्षत्र लागण्यापूर्वीं शेतकरी आपलीं सर्व अवजारें तपासून घेतो. कुळवाची पास झिजली असेल तर ती लोहाराकडे धाडतो, तिफणीचे फण पाहतो, गोठ्याचें छप्पर शाकारून घेतो. परंतु ज्या वाहनांतून त्याचा माल बाजारास जातो व ज्यांत त्याचीं मुलेंमाणसें बसतात, त्या वाहनाचीं चाकें कोणी वांकून पाहिलीं आहेत असें क्वचितच आढळतें. पूर्वीं हा प्रश्न शहरांतील थोड्या लोकांपुरताच होता. आतां जीप, पिकअप, मोटार अगर ट्रॅक्टर यांपैकीं कांहींना कांहीं बहुतेक बागायतदाराच्या दारीं उभें असतें. म्हणून टायरची झीज, तिच्याविषयींचा कायदा व ओल्या रस्त्यावरील तिचे परिणाम यांचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आम्ही कांहीं टायरचे कारागीर नव्हे. उभा जन्म महसूल खात्याच्या कारकुनींत गेला व आतां निवृत्तीनंतर मुंबईच्या उपनगरांत, चारकोप येथें राहतों. चारकोप हें खाडीकांठचें जुनें गांव. जागतिक बँकेच्या साहाय्यानें १९८५ सालीं सुरू झालेल्या नागरी विकास योजनेंत म्हाडानें येथें लहान लहान भूखंड आंखून वसाहत उठविली. रस्ते नीट आंखलेले, परंतु वस्ती दाट; भाजीवाले, शाळेचीं मुलें, रिक्षा व मोटारी यांची एकच गर्दी. गांवाकडील जमिनीची व्यवस्था पाहण्यासाठीं आम्हांस महिन्यांतून दोनदां जुन्या मोटारीनें जावें लागतें.

गेल्या वर्षीं उन्हाळ्यांत पंक्चर काढणाऱ्या मुलानें आम्हांस सांगितलें होतें, "काका, पुढचे दोन्ही टायर गोटा झालेत." आम्हीं उत्तर दिलें, "दिवाळीला बघूं." चालढकल करण्यांत सरकारी कारकुनाचा हात कोण धरणार! पुढें जूनमधील पहिल्या सरीनंतर आम्ही घरून निघालों. वेग फार नव्हता. कोपऱ्यावर एक भाजीवाली बाई डोक्यावर पाटी घेऊन रस्ता ओलांडूं लागली. आम्हीं ब्रेक दाबला. चाकें थांबलीं, पण गाडी थांबली नाहीं. ती तशीच घसरत गेली आणि बाईपासून हातभर अंतरावर उभी राहिली. बाई पाटी सांवरून म्हणाली, "काका, गाडीला ब्रेक नाय काय?" ब्रेक होता, रस्ता धरणारी नक्षी नव्हती. त्या दिवशीं आम्हीं गाडी तेथूनच परत फिरविली. हातभर अंतर कमी पडलें असतें तर काय झालें असतें, या विचारानें त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं.

टायरवर नक्षी कशासाठीं असते, हें शेतकऱ्यास सांगण्यास फार शब्द नकोत. पाणथळ शेतांत आपण चर काढतों, तें पाणी वाहून जावें व मुळांस जमीन सुटी राहावी म्हणून. टायरवरील खांचांचें कामही तेंच. चर गाळानें भरला कीं शेतांत पाणी तुंबतें. खांचा झिजल्या कीं टायरखालीं पाणी तुंबतें. कोरड्या रस्त्यावर गुळगुळीत टायरही चांगला चिकटून चालतो, आणि येथेंच मालक फसतो. उन्हाळाभर गाडी नीट चालली, म्हणजे टायर अजून चालण्याजोगा आहे, असें तो समजतो. त्याची खरी परीक्षा पहिल्या पावसांत होते, आणि त्याच दिवशीं रस्त्यावरील धूळ व सांडलेलें तेल पाण्यांत मिसळून रस्ता सर्वांत निसरडा झालेला असतो.

आतां थोडा हिशेब करूं. मोटारीच्या एका टायरचा जमिनीस टेंकणारा भाग सुमारें तळहाताएवढा असतो. चारी चाकांचे मिळून असे चार तळहात, आणि त्यांवर सर्व कुटुंबाचा भार. गाडी ताशीं ८० किलोमीटर वेगानें जात असेल, टायर १८ सेंटिमीटर रुंद असेल व रस्त्यावर अवघें दोन मिलिमीटर पाणी असेल, तर त्या एका टायरास दर सेकंदास सुमारें आठ लिटर पाणी बाजूस सारावें लागतें. मोठी घागर दोन सेकंदांत रिकामी करण्यासारखेंच हें काम झालें. खांचा खोल असल्या तर पाणी त्यांत शिरून मागें व बाजूस निघून जातें. खांचा नसल्या तर पाण्यास वाट मिळत नाहीं; तें टायरापुढें पाचरीसारखें सांचतें व शेवटीं टायरास उचलून धरतें. मग चाक रस्त्यावर नसतें, पाण्यावर असतें. अशा वेळीं सुकाणूं फिरवून गाडी वळत नाहीं आणि ब्रेक दाबून थांबत नाहीं.

हा प्रकार कोणत्या वेगास घडतो, याचा शोध अमेरिकेच्या नासा या संस्थेंतील अभियंत्यांनीं विमानांच्या चाकांसाठीं १९६० नंतरच्या वर्षांत लाविला. टायर गुळगुळीत असेल अगर पाणी खांचांहून खोल असेल, तर हा वेग मुख्यतः टायरांतील हवेच्या दाबावर अवलंबून असतो, असें त्यांस आढळलें. त्यांच्या सूत्रानें हिशेब केला असतां ३२ पौंड हवा असलेला टायर ताशीं सुमारें ९४ किलोमीटर वेगास पाण्यावर तरंगूं लागतो. हवा २० पौंडांवर आली तर ताशीं ७४ किलोमीटरसच तरंगतो. गोटा टायर आणि त्यांत हवाही कमी, म्हणजे आधींच पडकी भिंत व तिच्या पायांत पाणी.

पूर्ण तरंगण्यापूर्वींच पकड कमी होऊं लागते, तिचा हिशेब याहून महत्त्वाचा आहे. ताशीं ८० किलोमीटर वेगाची गाडी चांगल्या पकडीवर ब्रेक दाबल्यापासून सुमारें ३६ मीटरांत थांबते. पकड निम्मी झाली तर तीच गाडी ७२ मीटर जाते. शिवाय धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत जो एक सेकंद जातो, त्यांत आणखी २२ मीटर निघून जातात, ते निराळेच. परंतु वेग निम्मा केला तर ब्रेकचें अंतर निम्मे नव्हे, चौथ्या हिश्श्यावर येतें. निम्म्या पकडीवरही ताशीं ४० च्या वेगाची गाडी १८ मीटरांत थांबते. म्हणून पावसांत वेग कमी करणें हा बिनखर्चाचा उपाय आहे. तथापि नव्या टायरची जागा तो भरून काढीत नाहीं.

आतां कायद्याची बाब. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ९४ टायरांविषयीं आहे. मोटार, जीप, पिकअप, ट्रक यांच्या टायरवरील खांच किमान १.६ मिलिमीटर खोल असली पाहिजे. दुचाकी व तीनचाकी यांस ही मर्यादा ०.८ मिलिमीटर आहे. खांच पुरेशी असूनही टायरांतील कापड उघडें पडलें असेल अगर टायरास कोठें फुगवटा आला असेल, तर तो नियमानुसार सदोषच ठरतो. मोटार वाहन कायद्याचें कलम १९० याहून कडक आहे. जो दोष चालविणारास माहीत होता, किंवा साधारण काळजी घेतली असतां कळला असता, अशा दोषाची धोकादायक गाडी रस्त्यावर आणणें हाच गुन्हा होय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यास दीड हजार रुपयांपर्यंत दंड आहे. आणि त्या दोषामुळें अपघात होऊन कोणास इजा झाली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पांच हजारांपर्यंत दंड, अगर दोन्हीही होऊं शकतात. पंक्चरवाल्या मुलानें आम्हांस सांगितलेंच होतें. तेव्हां "ठाऊक नव्हतें" असें म्हणण्यास आम्हांस तोंड उरलें नसतें.

मात्र १.६ मिलिमीटर ही शेवटची हद्द आहे. तेथपर्यंत टायर निर्धोक असतो, असा तिचा अर्थ नव्हे. नव्या मोटारीच्या टायरची खांच सात-आठ मिलिमीटर असते, आणि जसजशी ती उथळ होते तसतशी पाण्याची वाट अरुंद होत जाते. तीन मिलिमीटर उरलें असतां पावसाळ्यापूर्वींच टायर बदलावा, असें आमचें मत झालें आहे. जी गोष्ट आश्विनांत करावयाचीच, ती ज्येष्ठांत केली तर खर्च तेवढाच पडतो व पावसाळा सुखाचा जातो.

खांच मोजण्यास मोठें यंत्र लागत नाहीं. टायरच्या खांद्यावर लहान त्रिकोण अगर इंग्रजी टी, डब्ल्यू, आय हीं अक्षरें कोरलेलीं असतात. त्यांच्या सरळ रेषेंत खांचेच्या तळाशीं रबराचे लहान उंचवटे दिसतात. टायरची पाठ झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीस आली कीं टायरचें आयुष्य संपलें. पाहतांना एकच जागा पाहूं नये. आंतली कडा, मध्य व बाहेरची कडा या तिन्ही पाहाव्या. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी ठेवली जाते. मध्य झिजला असेल तर हवा जास्त होते. एकच कड झिजली असेल तर चाकांची सरळाई बिघडली आहे, ती दुरुस्त करावी. टायरच्या कुशीवर चार आंकड्यांत जन्मतारीखही असते. २३१९ असें असल्यास तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला. उन्हांत उभ्या राहिलेल्या गाडीचें रबर न झिजतांही कडक होतें व तडकतें. म्हणून पांच वर्षांनंतर तो दरवर्षीं जाणत्याकडून तपासून घ्यावा.

आपल्या राज्यांत हा प्रश्न ऐरणीवर आणला तो समृद्धी महामार्गानें. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला, आणि ५ जून २०२५ रोजीं इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा मार्ग पुरा झाला. मोटारीस ताशीं १२० किलोमीटरची मुभा, लांबच लांब सरळ सिमेंटचा रस्ता. गांवच्या वाटेवर वर्षभर निभावलेला टायर येथें तासाभरांत तापून फुटूं शकतो. अपघात वाढले तेव्हां परिवहन खात्यानें २०२३ सालीं मार्गाच्या प्रवेशद्वारांवर टायर तपासण्यास व गोटा टायरांच्या गाड्या परत फिरविण्यास आरंभ केला. परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १ जुलै २०२३ च्या पहांटे सिंदखेडराजाजवळ खाजगी बस पेटून २५ माणसें गेलीं, तेव्हां टायर फुटल्याचें प्रथम सांगण्यांत आलें. परिवहन खात्याच्या तपासणींत मात्र तशी खूण मिळाली नाहीं. तात्पर्य, झोंप, वेग व निष्काळजीपणा यांचें पाप टायरावर घालूं नये. आणि टायराचा दोष दैवावर घालूं नये.

बाजारांत कांहीं फसवणुकी चालतात, त्यांपासून जपावें. गोटा टायरवर तापलेल्या हत्यारानें नव्या खांचा कोरून तो नव्यासारखा विकतात. असा टायर आंतून पातळ झालेला असतो व भाराखालीं फुटतो. टायरवर आयएसआय खूण आहे कीं नाहीं हें पाहावें. २००९ च्या सरकारी आदेशानें ती आवश्यक झाली आहे. आपल्याकडे आणखी एक खोड आहे. ट्रकवरून उतरलेले टाकाऊ टायर आपण ट्रॉलीस व डनलॉप गाडीस लावतों. शेतांत तें खपतें. परंतु ऊस भरलेली तीच ट्रॉली ओल्या डांबरी उतारावर ट्रॅक्टरास पुढें ढकलूं लागते, तेव्हां ड्रायव्हरच्या हातीं कांहीं उरत नाहीं.

शेवटीं, वाचकांनीं पुढील गोष्टी ध्यानीं ठेवाव्या. हवा दर पंधरवड्यास, गाडी थंड असतां, पाहावी. भार न्यावयाचा असेल तर कारखानदारानें भारासाठीं सांगितलेली भरावी. स्टेपनीचीही हवा पाहावी. दोनच नवे टायर घेणें शक्य असेल तर ते मागील चाकांस लावावे, कारण मागील पकड सुटली कीं गाडी गरकन फिरते. गाडी पाण्यावर तरंगूं लागलीच तर ब्रेकवर उडी मारूं नये. पाय हळूच वर घेऊन सुकाणूं सरळ धरावें व चाकें पुन्हां रस्त्यास टेंकूं द्यावीं.

आम्हीं त्याच आठवड्यांत चारही टायर बदलले. ती भाजीवाली बाई अजून त्याच कोपऱ्यावर बसते आणि आमची गाडी दिसली कीं हंसते. तें हंसणें आम्हांस टायरांच्या किंमतीहून मोलाचें वाटतें. वाचकांनीं हा अंक खालीं ठेवून एकवार अंगणांत जावें, आपल्या गाडीपाशीं वांकावें व चाकांवरून हात फिरवून पाहावा, एवढीच विनंती.