आर्देनच्या अरण्यात

बेल्जियम, लक्झेंबर्ग व फ्रान्स या तीन देशांत आर्देनचा वनप्रदेश पसरला आहे. येथील डोंगर फारसे उंच नव्हेत. बेल्जियममधील सर्वोच्च स्थळ बोत्रांज अवघे ६९४ मीटर. परंतु बीच व ओक वृक्षांची गर्द राई आणि तीतून वळसे घेत वाहणारी उर्थ नदी प्रवाशाचे मन वेधून घेतात. कोणी रानवाटा तुडवितो, कोणी उर्थच्या पात्रात लहानशी होडी वल्हवितो. नदीकाठच्या ला रोश गावी पोहोचताच माथ्यावर जुन्या किल्ल्याचे भग्नावशेष दिसू लागतात.

गाव मात्र नवे भासते. त्याचे कारण दुःखद आहे. १६ डिसेंबर १९४४ रोजी जर्मन सैन्याने याच अरण्यातून अखेरची मोठी चढाई केली. बाँबवर्षावात ला रोश जवळजवळ बेचिराख झाले. बास्तोन्य नगराने ऐन नाताळ वेढ्यात काढला. २६ तारखेस वेढा फुटला.

आज बास्तोन्यनजीक अमेरिकन वीरांचे तारकाकृती स्मारक आहे. तेथून जवळच, रकोन्य येथे, सुमारे ६,८०० जर्मन सैनिक चिरनिद्रा घेत आहेत. त्यांच्याही कबरींवर क्रूसच आहेत.

दक्षिणेस ओर्वालचा मठ लागतो. १७९३ साली फ्रेंच क्रांतिसैन्याने तो जाळला. १९२६ साली पुनर्बांधणी आरंभली, ती १९४८ मध्ये पुरी झाली. मध्ययुगीन मंदिराच्या पडक्या भिंती शेजारी तशाच राखल्या आहेत. एका दिवसात जळालेले उभारण्यास दीड शतक लागले, हे त्या भिंती येणाऱ्याजाणाऱ्यास मुकाट्याने सांगतात.