जॉन प्राइन: झिजलेल्या आवाजाच्या पलीकडे

गैरसमज: अमेरिकन गायक-गीतकार जॉन प्राइनच्या गाण्यांची सगळी मोहिनी त्याच्या खरखरीत, झिजलेल्या आवाजात आहे.

वस्तुस्थिती: तो आवाज मलाही अतिशय प्रिय आहे, पण तो आला फार उशिरा. सिगारेट प्राइन ओढत असे. आवाज खाली उतरला तो मात्र 1998 मध्ये मानेत निघालेल्या कॅन्सरमुळे, शस्त्रक्रिया आणि रेडिएशननंतर. ज्या गाण्यांनी त्याचं नाव झालं ती 1971 च्या पहिल्याच अल्बममध्ये आहेत. तेव्हा तो होता चोवीस वर्षांचा, आणि आवाज चक्क नाकातला, पोरसवदा.

‘हॅलो इन देअर’ हे त्यातलंच. मुलं पांगलेली, एक युद्धात गेलेला, आणि म्हाताऱ्या नवराबायकोला एकमेकांशी बोलायलाही काही उरलेलं नाही. हे गाणं लिहिणारा तरुण शिकागोजवळच्या मेवूडमध्ये पोस्टमन होता. लहानपणी मित्राबरोबर तो वृद्धाश्रमात खोलीखोलीत जाऊन वर्तमानपत्रं टाकायचा. तिथले काही म्हातारे, आपला नातूच भेटायला आलाय, असं इतरांना भासवायचे. हे त्या मुलानं पाहिलं आणि मनात ठेवलं. त्याच्या गाण्यातलं म्हातारपण तिथून आलेलं आहे, घशातून नव्हे. ऑपरेशननंतर जुनी गाणी खालच्या पट्टीत गावी लागली, तेव्हा ती त्याची त्यालाच पुन्हा नवी वाटू लागली. आवाज गाण्यांच्या वयाला येऊन पोचला, असं मला वाटतं.

गैरसमज: असे गायक स्वतःचीच कर्मकहाणी गातात, म्हणून ती खरी वाटते.

वस्तुस्थिती: ‘एंजल फ्रॉम माँटगोमरी’मध्ये बोलते ती संसाराला विटलेली एक प्रौढ बाई. गायिका बॉनी रेटनं 1974 मध्ये ते गाणं गायलं, तेव्हा ते जणू तिच्यासाठीच लिहिलेलं वाटलं. ‘सॅम स्टोन’ ही व्यसनात बुडालेल्या माजी सैनिकाची गोष्ट. प्राइन मात्र लष्करात असताना पश्चिम जर्मनीत गाड्या दुरुस्त करत होता, व्हिएतनामला गेलाच नाही. दुसऱ्याच्या घरात शिरून तिथली एखादीच वस्तू दाखवायची आणि गप्प राहायचं, हे त्याचं कसब. दुःखाच्या ऐन भरात तो हसवतोही, आणि त्यानं दुःख जराही हलकं होत नाही. दोनचार कॉर्ड आणि बोटांनी छेडलेली गिटार एवढ्यावर हे साधणं सोपं मुळीच नाही.

गैरसमज: बिचारा आयुष्यभर उपेक्षित राहिला.

वस्तुस्थिती: चित्रपटसमीक्षक रॉजर इबर्ट यांनी 1970 मध्येच शिकागो सन-टाइम्समध्ये या ‘गाणाऱ्या पोस्टमन’वर भरभरून लिहिलं होतं. पुढे गायक-गीतकार क्रिस क्रिस्टॉफरसननं त्याची बाजू उचलून धरली. मोठ्या कंपन्यांशी सूर जुळेना, तेव्हा ऐंशीच्या दशकात त्यानं ‘ओ बॉय रेकॉर्ड्स’ ही स्वतःची कंपनी काढली. चाहत्यांनी अल्बम निघण्याआधीच टपालानं पैसे पाठवले. 2018 चा ‘द ट्री ऑफ फर्गिव्हनेस’ बिलबोर्डच्या यादीत थेट पाचव्या क्रमांकावर आला. एवढी वरची जागा त्याच्या कुठल्याच अल्बमला मिळाली नव्हती. 7 एप्रिल 2020 रोजी नॅशव्हिलमध्ये कोविडनं तो गेला.

नव्यानं ऐकणाऱ्यानं 1971 चा आणि 2018 चा हे दोन अल्बम लागोपाठ लावावेत. आधी पोराचा आवाज ऐकावा, मग म्हाताऱ्याचा, आणि दोन्हीकडे शब्दांवर कान ठेवावा.