टर्मिनलवर ‘रहिमतपूर’

कोरेगाव तालुक्यातल्या रहिमतपूरचं नाव संगणकाच्या टर्मिनलमध्ये लिहून पाहावं. आपल्या डोळ्यांना ती 6 अक्षरं. युनिकोडच्या हिशोबात 8 चिन्हं, कारण वेलांटी आणि उकार वेगळे मोजले जातात. यूटीएफ-8 पद्धतीने साठवताना प्रत्येक चिन्हाला 3, म्हणजे एकूण 24 बाइट. टर्मिनल मात्र आखीव चौकटींचं. इंग्रजीचं एकेक अक्षर एकेका चौकटीत बसवण्यासाठी घडवलेलं. अनेक टर्मिनलांत ‘हि’ची वेलांटी ‘ह’च्या उजवीकडे सुटी पडते, जोडाक्षरं फुटतात आणि कर्सर भलतीकडेच दिसतो.

कमांड द्यायला एडिटरमधला शेल, म्हणजे कमांड घेऊन चालवणारा प्रोग्राम, वापरावा की बाहेरचं टर्मिनल, हा प्रश्न बहुतेक जण सवयीवर सोडतात. मराठी मजकुरावर काम करणाऱ्याने तसं करू नये, असं मला मनापासून वाटतं.

एडिटरमधून कमांड चालवण्याची सोय जुनीच आहे. युनिक्सच्या ‘ईडी’ या एडिटरमध्ये उद्गारचिन्ह देऊन पुढे कमांड लिहिता येई. 1976च्या सुमारास बिल जॉय यांनी घडवलेल्या ‘व्हीआय’ने त्यापुढे पाऊल टाकलं: फाईलमधल्या ओळी एखाद्या कमांडकडे पाठवायच्या आणि जे परत येईल ते त्याच जागी ठेवायचं. शंभर नावांची यादी ‘सॉर्ट’कडे दिली की क्षणात क्रमाने लागून परत येते. मला ही आजही एडिटरमधली सर्वांत मोलाची सोय वाटते, आणि तिच्यासाठी शेल उघडावाही लागत नाही. एखाद-दुसऱ्या कमांडपुरतं काम असेल, तर ईमॅक्स या एडिटरमध्येही मजकूर निवडून थेट कमांडकडे पाठवावा.

शेल खरा लागतो तो एका कमांडच्या उत्तरावरून दुसरी कमांड सुचत जाते तेव्हा. ईमॅक्समध्ये त्यासाठी तीन वाटा आहेत. ‘शेल’ ही सोय बॅशसारखा नेहमीचा शेल बफरमध्ये, म्हणजे एडिटरमधल्या मजकुराच्या पानात, आणून देते. ‘टर्म’ हे एडिटरच्या आतलं टर्मिनलच. तिसरा ‘ईशेल’. जॉन विग्ली यांनी लिहिलेला हा शेल 2001 साली ईमॅक्सच्या 21व्या आवृत्तीत सामील झाला. तो संपूर्णपणे ईमॅक्सच्याच लिस्प भाषेत आहे. त्यामुळे फाईलींची यादी दाखवणं, नक्कल करणं, नाव बदलणं ही कामं विंडोजवरही वेगळं काही न बसवता होतात. गावाकडच्या शाळा-कार्यालयांत बहुधा विंडोजच असतं. तिथे या गुणाचं महत्त्व कळतं.

पण मराठी माणसाला ईशेल जवळचा वाटावा याचं कारण वेगळं आहे. त्याचं आउटपुट चौकटींत कोंबलं जात नाही, साध्या मजकुरासारखं बफरमध्ये उतरतं. 2020 साली आलेल्या 27व्या आवृत्तीपासून ईमॅक्स अक्षरजुळणीसाठी हार्फबझ ही लायब्ररी वापरू शकतं. खिडकीत चालणारं ईमॅक्स आणि चांगला देवनागरी फॉन्ट असेल, तर फाईलचं नाव, शोधाचा निकाल, त्रुटीचा संदेश, त्यातलं सगळं मराठी नीट जुळलेल्या अक्षरांत वाचता येतं. तेच ईमॅक्स टर्मिनलच्या आत चालवलं, तर हा लाभ मिळेलच असं नाही. मग अक्षरं टर्मिनलच्याच हाती.

नाटककार वसंत कानेटकर यांचं रहिमतपूर हे जन्मगाव. समजा, गावातल्या एखाद्या वाचनालयाची पुस्तकसूची अनेक फाईलींत विखुरली आहे आणि त्यातून कानेटकरांची पुस्तकं वेगळी काढायची आहेत. ईशेलमध्ये ‘ग्रेप’ ही शोधाची कमांड चालवली की निकालाच्या प्रत्येक ओळीवरून मूळ फाईलमधल्या त्याच जागी उडी मारता येते. कुठे ‘कानेटकर’, कुठे ‘कानिटकर’ पडलेलं असतं, ते तिथल्या तिथे सुधारता येतं. कमांडचं आउटपुट एखाद्या बफरमध्ये वळवून लगेच संपादायलाही घेता येतं. पुढे यादी लावताना मराठीची एक अडचण येते. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’नंतर आणि ‘व’च्या आधी आहे, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर. निव्वळ संकेतांकांच्या क्रमाने लावलं तर ‘काळ’ आधी येतो आणि ‘कावळा’ मागे पडतो. कोशाच्या क्रमाची सवय असलेल्याला हे लगेच खुपतं. ही दुरुस्ती डोळ्यांनी तपासून करायची, तर यादी एडिटरमध्येच असलेली बरी.

सूची दूरच्या सर्व्हरवर असली तरी ईमॅक्सच्या ‘ट्रॅम्प’ या सोयीमुळे ईशेलमधून त्या फोल्डरमध्ये जाता येतं आणि कमांड तिथेच चालते. दोन संगणकांमधलं अंतर इतक्या सहज मिटवणारी सोय मला दुसरीकडे क्वचितच दिसली.

ईशेल टाळावा कधी? मोठा मजकूर एका कमांडकडून दुसरीकडे पाइपने न्यायचा असेल तेव्हा. तो सगळा ईमॅक्समधून वाहतो आणि काम मंदावतं. 2023च्या 29व्या आवृत्तीत अख्खी पाइपलाइन बाहेरच्या शेलकडे सोपवण्याची खूण आली, पण ती आठवणीने द्यावी लागते. फाईलमधून इनपुट वळवण्याची नेहमीची खूणही ईशेलमध्ये चालत नाही, म्हणून बॅशसाठी लिहिलेली स्क्रिप्ट बॅशकडेच द्यावी. ‘टॉप’सारखे पूर्ण पडदा व्यापणारे प्रोग्राम ईशेल स्वतःच ‘टर्म’कडे पाठवतो. आणि रात्रभर चालणारी कामं, जसं जुन्या फॉन्टांतल्या शेकडो फाईली युनिकोडमध्ये आणणं किंवा बॅकअप घेणं, बाहेरच्या टर्मिनलमध्ये, शक्यतो खिडकी मिटली तरी काम चालू ठेवणाऱ्या टीमक्सच्या आत चालवावीत. एडिटर बंद पडला तर आतलं कामही तुटतं; ही जोखीम कशाला घ्यायची?

व्हिममध्ये 2018च्या 8.1 आवृत्तीपासून टर्मिनलची खिडकी आहे, व्हीएस कोडमध्येही खाली टर्मिनल उघडतं. दोन्ही खरी टर्मिनलं. प्रोग्राम चालवून चुका पाहायला ती उत्तम. तिथे ईशेलचा हट्ट धरू नये. पण चौकटींची अडचण त्यांच्यातही असते. म्हणून व्हिम वापरणाऱ्याने मराठी आउटपुट थेट बफरमध्ये वाचून घ्यावं, शक्य तर ती फाईल देवनागरी नीट जुळवणाऱ्या एडिटरमध्ये उघडावी, आणि नावं तपासण्याचं काम तिथेच करावं.