कुनीनची जहागीर व हिंचित्सेचा शेतकरी

संकरित बियाणें आज आपल्यापैकीं पुष्कळ शेतकरी बंधु पेरतात. त्या बियाण्यामागें जें शास्त्र आहे, त्याचा शोध वेठीस जाणाऱ्या एका शेतकऱ्याच्या मुलानें लावला, हें मात्र थोड्यांस ठाऊक असेल. त्याचा गांव व ज्या जहागिरीच्या अमलाखालीं तो गांव होता ती जहागीर, यांची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

चेक देशाच्या मोराव्हिया प्रांतांत ओड्रा नदीच्या वरच्या खोऱ्यास क्राव्हार्स्को म्हणतात. तेथील जर्मन भाषा बोलणारे जुने रहिवासी त्यास ‘गाईंचा चिमुकला देश’ अशा अर्थाचें नांव देत. या मुलुखांतील कुनीन गांवीं हाराख या सरदार घराण्यानें १७२६ ते १७३४ या काळांत हिल्डेब्रांट नामक प्रख्यात वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यावरून मोठा वाडा बांधिला. पुढें ही जहागीर त्याच घराण्यांत जन्मलेल्या काउंटेस वाल्बुर्गा (१७६२–१८२८) या बाईंकडे आली.

बाई ज्ञानाच्या भोक्त्या होत्या. १७९२ सालीं त्यांनीं वाड्यांत विद्यालय काढिलें व तें १८१४ पर्यंत चालविलें. सरदारांच्या मुलांबरोबर सामान्यांचीं मुलेंही तेथें शिकत. पुढें चेक राष्ट्राचे इतिहासकार म्हणून मान्यता पावलेले पालात्स्की हे १८०७ ते १८०९ पर्यंत तेथेंच शिकले. सृष्टिविज्ञान व फळझाडांची लागवड यांवर बाईंचा विशेष कटाक्ष असे. विद्यालयांतील एक शिक्षक श्राइबर हे पुढें व्राझ्ने गांवीं धर्मोपदेशक झाले. जवळचा हिंचित्से गांव त्यांच्याच उपाध्येपणाखालीं होता. चांगल्या जातींचीं कलमें रयतेस देणें व कलम बांधण्याची रीत शिकविणें, हें काम त्यांनीं तेथेंही सोडलें नाहीं. हिंचित्सेच्या शाळेंतही मुलांस फळझाडांची निगा शिकवीत.

येथवरची हकीकत वाचून कोणीही धन्य म्हणेल. परंतु याच जहागिरीची दुसरी बाजू आहे. सम्राट दुसरे जोसेफ यांनीं १७८१ सालीं रयतेस गांव सोडण्याची, लग्न करण्याची व धंदा शिकण्याची मोकळीक दिली खरी, पण वेठ कायम राहिली. वेठीस चेक भाषेंत ‘रोबोता’ म्हणतात. यंत्रमानवास जगभर लावला जाणारा ‘रोबोट’ हा शब्द १९२० सालच्या एका चेक नाटकांत याच शब्दावरून घडविला गेला. हिंचित्सेचा शेतकरी आंटोन मेंडेल यास आठवड्यांतून तीन दिवस धन्याच्या कामावर जावें लागे. उरलेल्या दिवसांत तो आपली जमीन कसी, आणि तशांतही त्यानें परसांत उत्तम फळझाडें वाढविलीं. त्याचा मुलगा योहान १८२२ सालीं जन्मला. झाडांची पहिली ओळख त्यास बापाजवळच झाली.

१८३८ सालीं वेठीचें काम करीत असतां आंटोनच्या अंगावर लांकडाचा ओंडका कोसळला व छातीस जबर दुखापत झाली. त्यानंतर नांगर धरण्याची शक्ति त्यास राहिली नाहीं. १८४१ सालीं शेत जांवयाच्या हवालीं करावें लागलें. योहानचें शिक्षण थांबण्याची वेळ आली, तेव्हां धाकट्या बहिणीनें आपल्या हुंड्याचा कांहीं भाग भावास दिला. १८४३ सालीं तो ब्रनो येथील मठांत शिरला व ग्रेगोर हें नांव धारण करिता झाला. मठाच्या बागेंत १८५६ पासून १८६३ पर्यंत त्यानें वाटाण्यावर प्रयोग केले. गोल दाण्याचें व सुरकुतलेल्या दाण्याचें वाण एकत्र केले असतां पहिल्या पिढींत सर्व दाणे गोल निघाले. दुसऱ्या पिढींत तीन गोलांस एक सुरकुतलेला असें प्रमाण आढळलें. हा नियम त्यानें १८६५ सालीं सभेपुढें मांडिला. जगास त्याचें महत्त्व पटावयास १९०० साल उजाडलें. तत्पूर्वीं १८८४ सालीं तो वारला होता. गांवास मात्र तो विसरला नाहीं. हिंचित्सेंत आगीचा बंब ठेवण्याचें घर १८८२ सालीं त्याच्याच पैशांतून उभें राहिलें.

वेठ ७ सप्टेंबर १८४८ रोजीं कायद्यानें बंद झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५-४६ सालीं, जर्मन बोलणाऱ्या लोकांस हा मुलूख सोडावा लागला. कुनीनचा वाडा हेळसांडीनें मोडकळीस आला होता. १९९९ सालीं तो ग्रामसंस्थेनें घेतला व दुरुस्त करून लोकांस पाहण्यास खुला केला. मेंडेलचें जन्मघरही स्मारक म्हणून राखलें आहे.

काउंटेस बाईंचे उपकार आम्ही कमी लेखीत नाहीं. तथापि ज्या जहागिरीनें रयतेस कलम दिलें, तिनेंच रयतेचे तीन दिवस घेतले, आणि त्या तीन दिवसांतील एका दिवशीं शास्त्राचा भावी आचार्य शाळेबाहेर पडण्याच्या बेतास आला. त्यास वांचविलें तें जहागिरीनें नव्हे, तर गरीब बहिणीच्या हुंड्यानें. आपल्यांतील ज्या बंधूंच्या शेतांत सालगडी राबतात, त्यांनीं एवढेंच पाहावें, कीं गड्याचा मुलगा शाळेंत आहे किंवा गुरांमागें. चांगलें बीं कोणाच्या अंगणांत पडलें आहे, हें उगवल्याखेरीज कळत नाहीं.