आकडीचे औषध थांबवावे केव्हा?
प्रसूतीवेळी प्राणवायू अपुरा पडल्याने वा मेंदूतील रक्तस्रावाने अर्भकास आकडी येते, फेनोबार्बिटलने ती शमते, आणि पुन्हा आली तर काय, या धास्तीपोटी घरी गेल्यावरही तेच औषध महिनोन्‌महिने चालू ठेवण्याचा शिरस्ता पडला. त्यात दक्षतेपेक्षा सवयच अधिक असावी. अमेरिकेतील 9 रुग्णालयांतल्या 303 बालकांच्या, 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, औषध घरी जाण्यापूर्वी थांबविलेल्यांत व चालू ठेवलेल्यांत, दोन वर्षांच्या वयापर्यंतच्या विकासात वा अपस्माराच्या प्रमाणात उल्लेखनीय तफावत आढळली नाही. म्हणूनच 2023 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार, झटके थांबल्यावर, मेंदूच्या एमआरआयमध्ये इजा दिसली तरी, औषध रुग्णालयातच, अर्थात डॉक्टरांच्याच हुकमाने, बंद करावे. जनुकीय वा मेंदूच्या रचनेतील दोषातून उद्भवलेला अपस्मार तेवढा यास अपवाद.