डिस्क हाती, किल्ली कोणाकडे?

सबमिशन तोंडावर आलं की लॅपटॉपला नेमकं काहीतरी होतं, हे कोणत्याही हॉस्टेलमध्ये विचारा. कधी कीबोर्डवर चहा सांडतो, कधी मशिन चार्जिंगच घेत नाही. मग लॅमिंग्टन रोड किंवा तपकीर गल्लीची एक फेरी होते. दुरुस्तीवाला उघडून बघतो आणि सांगतो, मदरबोर्ड गेलाय, पण एसएसडी ठणठणीत आहे. आपला जीव भांड्यात पडतो. ती एसएसडी रूममेटच्या लॅपटॉपमध्ये टाकायची, प्रोजेक्ट रिपोर्ट कॉपी करायचा, विषय संपला!

काही वर्षांपूर्वी तो खरंच तिथे संपायचा. आता मात्र बटण दाबलं की निळी स्क्रीन येते आणि ४८ आकड्यांची ‘बिटलॉकर रिकव्हरी की’ मागते. ‘पण मी तर असलं काही कधी लावलंच नव्हतं,’ ही त्यावरची ठरलेली प्रतिक्रिया. आणि गंमत म्हणजे ती खरी असते. कुलूप तुम्ही लावलेलंच नसतं, ते आपोआप लागलेलं असतं.

कुलूप इथे, किल्ली तिथे

बिटलॉकर तसं जुनंच. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर ते आलं, पण तेव्हा ते फक्त वरच्या, महागड्या आवृत्त्यांमध्ये होतं. आपल्या लॅपटॉपमध्ये सहसा असणाऱ्या विंडोज होममध्ये त्याचा धाकटा भाऊ असतो, ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत त्यासाठीच्या हार्डवेअरच्या अटी सैल झाल्या. त्यामुळे नवीन लॅपटॉप घेतला किंवा विंडोज नव्याने टाकलं आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगइन केलं, की बहुतेक मशिनवर एन्क्रिप्शन गुपचूप सुरू होतं.

यात डिस्कवरचा सगळा मजकूर गुंतागुंतीच्या गणिताने विस्कटून ठेवलेला असतो. तो परत जुळवणारी किल्ली टीपीएम नावाच्या सुरक्षा चिपच्या ताब्यात असते. ही चिप मदरबोर्डवर किंवा प्रोसेसरच्या आत बसलेली असते. रोज लॅपटॉप सुरू करताना टीपीएम सगळं जागच्या जागी आहे ना बघते आणि कुलूप उघडून देते. आपल्याला पत्ताही लागत नाही. पण डिस्क दुसऱ्या लॅपटॉपमध्ये गेली की तिथली टीपीएम तिला ओळखतच नाही. मग उरतो एकच मार्ग, रिकव्हरी की. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. विंडोजचा पिन, पासवर्ड, फिंगरप्रिंट यातलं काहीही इथे चालत नाही.

मग हा ताप कशाला?

कारण नुसता विंडोजचा पासवर्ड डिस्कचं रक्षण करत नाही. लोकलमध्ये बॅग चोरीला गेली आणि एन्क्रिप्शन नसेल, तर चोराला तुमचा पासवर्ड लागतच नाही. एक स्क्रू काढून डिस्क दुसऱ्या मशिनला लावली की आधार कार्डाचे स्कॅन, बँकेची स्टेटमेंट्स, खासगी फोटो सगळं समोर. एन्क्रिप्शन असेल तर त्याच्या हाती फक्त कचरा लागतो. अडचण एवढीच, की किल्ली नसेल तर हे कुलूप चोर आणि मालक असा भेदभाव करत नाही.

मोठ्या कंपन्यांनाही याचा फटका बसला आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले, ते आठवत असेलच. त्या दिवशी ज्या मशिनवर बिटलॉकर होतं, त्यातल्या अनेकांच्या दुरुस्तीआधी आयटीवाल्यांना प्रत्येकाची की शोधावी लागली.

की आहे कोणाच्या खात्यात?

खरी मेख इथे आहे. डिव्हाइस एन्क्रिप्शन सुरू होताना की आपोआप मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जमा होते, पण कोणाच्या? ज्याने लॅपटॉपवर अॅडमिन म्हणून पहिल्यांदा लॉगइन केलं त्याच्या. म्हणजे दुकानदाराने ‘सेटअप करून देतो’ म्हणत स्वतःचा ईमेल टाकला असेल, तर त्याच्या. दादाने सुरू करून दिला असेल तर दादाच्या. सेकंडहँड घेताना विंडोज नव्याने टाकलं नसेल, तर कदाचित जुन्या मालकाच्या.

कॉलेजच्या आयडीचं प्रकरण आणखी नाजूक. त्या आयडीने लॅपटॉप सेटअप केला असेल तर की कॉलेजच्या यंत्रणेत जाऊन बसते. पास झाल्यावर तो आयडी बंद झाला, की आधी कॉलेजच्या आयटी विभागाचं दार ठोठावावं लागतं. त्यामुळे शेवटच्या वर्षात असाल तर हे आत्ताच तपासा.

की शोधायची तर फोनवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगइन करा, ‘डिव्हायसेस’मध्ये आपला लॅपटॉप निवडा आणि बिटलॉकर कीचा पर्याय उघडा. एकापेक्षा जास्त की दिसल्या तर गोंधळू नका. अडकलेल्या स्क्रीनवर एक ‘की आयडी’ दिसतो, तो जुळणारी की आपली. की सापडली की डिस्क मित्राच्या लॅपटॉपमध्ये बसवायचीही गरज नाही. ती यूएसबी एन्क्लोजरमध्ये घालून त्याच्या विंडोजला जोडा, की टाका, फायली समोर.

की कुठेच नसेल, तर ‘क्रॅक करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. ४८ आकडे अंदाजाने टाकून सापडत नाहीत. डिस्क फॉरमॅट करून पुन्हा वापरता येते, पण आतला डेटा गेला तो गेलाच.

डिस्क हलवण्याआधी

• की कागदावर लिहा किंवा प्रिंट काढा. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर सेव्ह केलेली की म्हणजे घराची किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेणं.

• लॅपटॉप चालू असेल आणि डिस्क बदलायची किंवा क्लोन करायची असेल, तर आधी सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, डिव्हाइस एन्क्रिप्शन इथे जाऊन ते बंद करा. डिस्क पूर्ण उलगडायला वेळ लागतो, तोवर चार्जर लावून ठेवा. काम झालं की पुन्हा सुरू करा.

• एम.२ डिस्क दिसायला सारख्या, पण काही साटा असतात, काही एनव्हीएमई. लांबीही वेगळी असते. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. छोट्या लॅपटॉपमध्ये २२४२ किंवा २२३०ही असते. एन्क्लोजर घेताना प्रकार विचारून घ्या.

• काही स्वस्त लॅपटॉपमध्ये स्टोरेज बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं. एम सिरीजच्या मॅकमध्ये एन्क्रिप्शन चिपशीच बांधलेलं असतं. तिथे ‘डिस्क काढून दुसऱ्यात टाकू’ हा पर्यायच नाही.

• बायोस अपडेटनंतरही की मागितली जाऊ शकते. तेव्हा ती आधीच हाताशी ठेवा.

आणि बॅकअप? कीमुळे कुलूप उघडतं, पण डिस्कच जळाली तर की घेऊन करणार काय? प्रोजेक्टची एक प्रत क्लाउडवर आणि एक पेनड्राइव्हवर हवीच. की शोधायला मात्र परीक्षेची वाट बघू नका. हे पान खाली ठेवल्यावर फोन हातात घेणारच आहात, तर रील्सच्या आधी अकाउंट उघडा आणि तुमच्या लॅपटॉपचं नाव तिथे दिसतंय का बघा. दिसलं नाही, तर सध्या तरी लॅपटॉप चालू आहे. म्हणजे अजून वेळ गेलेली नाही.