कावेरीकाठचा विसावा

सुटीत कुटुंबासह बाहेरगावी जाण्याची चाल आपल्याकडे आता चांगलीच रुळली आहे. आगगाडीची तिकिटे आधी काढून ठेवली जातात, पाहावयाच्या स्थळांची यादी होते, आणि परत आल्यावर सारी मंडळी आठवडाभर प्रवासाचा शीण काढीत बसतात. या खटाटोपात घरातील स्त्रीला विसावा किती मिळाला, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. वाटेतल्या दशम्या तिनेच केलेल्या असतात. मुक्कामाच्या जागी सकाळचा चहा, मुलांचे ओले कपडे आणि वडीलधाऱ्यांची पथ्ये तिच्याच वाट्याला येतात. घर मागे राहते, पण घरकाम तिच्याबरोबर प्रवासास निघते.

आमच्या घरी हा प्रश्न सासूबाईंच्या निमित्ताने निघाला. त्यांचे वय अडुसष्ट. हिवाळ्याच्या आरंभी त्यांना वारंवार थकवा येऊ लागला, तेव्हा डॉक्टरांनी तपासून सांगितले, "आजार काही नाही, विश्रांती मात्र हवी." घरात ती मिळणे शक्य नव्हते. पहाटे साडेचारला उठून त्या स्वयंपाकघरात शिरणार, आणि सर्वांची पाने झाल्यावाचून स्वतः पाटावर बसणार नाहीत, हा पंचेचाळीस वर्षांचा नेम. तो मोडावा असे मी सून म्हणून कितीदा सुचविले, पण त्यांनी ते कधी मनावर घेतले नाही.

अशा वेळी ह्यांच्या एका स्नेह्यांनी तमिळनाडूतील पापनाशमचे नाव सुचविले. गावाबाहेर शेतांच्या कडेला एका जुन्या घराचे अतिथिगृह केले आहे, घरचीच माणसे रांधून वाढतात, आणि पाहुण्यांसाठी वेगळी चूल नाही, एवढी माहिती मिळाली. ही शेवटची गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटली. विश्रांतीसाठी सासूबाई उंबरठा ओलांडणार नव्हत्या, परंतु पापनाशम हे नाव ऐकताच ती तीर्थयात्रा ठरली आणि त्यांनी संमती दिली.

दोन पापनाशम

निघण्यापूर्वी एक गंमत झाली. मुलाने मोबाईलवर पापनाशमची चित्रे शोधली, तो उंच कड्यावरून कोसळणारा धबधबा दिसला, आणि दोन्ही मुलांनी पोहण्याचे कपडे पेटीत भरले. नंतर उलगडा झाला, की धबधब्याचे पापनाशम तिरुनेलवेली जिल्ह्यात, ताम्रपर्णी नदीकाठी डोंगराच्या पायथ्याशी आहे. आम्ही निघालो होतो ते पापनाशम तंजावूर जिल्ह्यातील. येथे डोंगर नाही, धबधबाही नाही. तंजावूरहून सुमारे पंचवीस किलोमीटर आणि कुंभकोणमहून पंधरा, अशा अंतरावर हे तालुक्याचे गाव आहे. तंजावूर-कुंभकोणम लोहमार्गावर त्याचे स्टेशन आहे, आणि कावेरीच्या फाट्यांपैकी कुडमुरुट्टी ही नदी त्याच्या जवळून वाहते. मुले हिरमुसली, पण त्यांची समजूत नदीने काढली.

जानेवारीचा अखेरचा आठवडा होता. या भागातील शेतीचे पंचांग मेट्टूरच्या धरणावर चालते. १९३४ साली पुरे झालेल्या या धरणातून त्रिभुज प्रदेशासाठी १२ जूनला पाणी सोडावे आणि २८ जानेवारीस बंद करावे, असा प्रघात आहे. पाऊस कमी-अधिक झाला की तारीख मागेपुढे होते. धरणाच्या कितीतरी आधीपासून, सुमारे दोन हजार वर्षे, कावेरीचे पाणी वळविण्याचे काम कल्लणै हा बंधारा करीत आला आहे. तो चोळ राजा करिकाल याने बांधला, अशी परंपरा सांगते. आम्ही पोहोचलो तेव्हा सांबा नावाच्या लांब मुदतीच्या भाताची कापणी चालू होती. कापणीची यंत्रे शेतांतून फिरत होती, आणि सडकेच्या कडेला पेंढ्याचा वास भरून राहिला होता.

ओट्यावरची सकाळ

अतिथिगृह म्हणजे नळीच्या कौलांचे जुने घर होते. दर्शनी बाजूस लाकडी खांबांचा ओटा होता. त्याला तिकडे तिण्णै म्हणतात. आत मोकळ्या आकाशाचा चौक आणि त्याभोवती खोल्या. आपल्याकडचा वाडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे घर परके वाटू नये. स्वयंपाक घरमालकांच्या वृद्ध मातोश्रींच्या हाती होता. मुले त्यांना घरच्यांसारखेच "पाट्टी" म्हणू लागली. तमिळमध्ये पाट्टी म्हणजे आजी. धाकटीला आपली अक्षरे गिरविण्याची पाटी आठवून दोन दिवस हसू आवरेना.

पहिल्या पहाटे सासूबाई नेमाप्रमाणे उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. पाट्टींनी त्यांच्या हाती पितळेच्या पेल्यात कॉफी दिली आणि हाताने ओट्याकडे खूण केली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण खुणेचा अर्थ स्वच्छ होता. सासूबाई ओट्यावर येऊन बसल्या. घराची सून अंगण शिंपून तांदळाच्या पिठाने ठिपके मांडीत होती. त्या ठिपक्यांभोवती रेषा वळवीत तिने बघता बघता कोलम पुरे केले. "आपल्या रांगोळीत पीठ नसते, हिच्या कोलमाने मुंग्यांनाही न्याहारी मिळते," असे सासूबाई म्हणाल्या. हातात काम नसताना त्यांना इतका वेळ एका जागी बसलेले मी प्रथमच पाहिले.

दुपारी केळीची पाने मांडली गेली. भाताबरोबर प्रथम सांबार, मग रसम, शेवटी ताक. सोबत नारळ घातलेली भाजी आणि पापड. सर्व बसले, पण सासूबाई उभ्याच राहिल्या. "तुमचे होऊ द्या, मी मागून बसते." पाट्टीही उभ्याच. पहिल्या दिवशी दोघीही मागून जेवल्या.

देवळातले धान्याचे कोठार

दुसऱ्या दिवशी आम्ही गाव पाहिले. येथील रामलिंगस्वामींचे मंदिर "एकशे आठ शिवालय" म्हणून ओळखले जाते. खर-दूषणांच्या वधाचा दोष जावा म्हणून रामाने येथे एकशे आठ लिंगे पूजिली, अशी कथा आहे. गावाचे नावही तिच्याशी जोडले जाते. ती लिंगे सासूबाईंनी एकेक करून मोजली.

जवळच तिरुप्पालैतुरै येथे पालैवननाथाचे मंदिर आहे. त्याच्या आवारात विटांचे एक प्रचंड कोठार उभे आहे. आकार घुमटासारखा, वर निमुळता होत गेलेला. तंजावूरच्या नायक राजांच्या काळी, सतराव्या शतकात, ते भात साठविण्यासाठी बांधले गेले. देवाच्या आवारात एवढे मोठे कोठार कशास, असे मुलाने विचारले. देवळांना जमिनी होत्या, त्यांचे धान्य येथे येई आणि नैवेद्य, सेवेकरी व उत्सव यांच्यासाठी वापरले जाई, असे ह्यांनी समजावून दिले. परतताना वाटेत सरकारी खरेदी केंद्रापुढे भाताच्या राशी ताडपत्रीखाली झाकलेल्या दिसल्या. शेतकरी त्यांच्याजवळच बसून होते. भातात ओल राहिली तर भावाला बाध येतो, म्हणून आकाशाकडे डोळे. कोठाराचे महत्त्व मुलांना त्या राशींनी अधिक पटविले असावे.

छत्रांची कहाणी

तिसरा दिवस तंजावूरसाठी राखला होता. राजराज चोळाने १०१० साली पुरे केलेले बृहदीश्वराचे मंदिर पाहून कोणीही थक्क होईल. परंतु मराठी माणसाचे पाऊल तेथे आणखी एका ठिकाणी अडते. मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरविलेला भोसले कुळाचा विस्तृत वृत्तान्त मराठीत आहे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७५ च्या सुमारास तंजावूर घेतले, आणि १८५५ पर्यंत त्यांचे वंशज तेथे राजे होते. कुंभकोणम-तंजावूरच्या परिसरात आजही काही घरांतून मराठी बोलली जाते. तमिळ हरिकथेत साकी, दिंडी आणि ओवी ही वृत्ते नांदतात, ती मराठी कीर्तनकारांनी तेथे नेली.

या राजांनी रामेश्वरच्या वाटेवर आणि अन्यत्र प्रवाशांसाठी छत्रे बांधली. आपण ज्याला अन्नछत्र म्हणतो, त्यातलाच हा शब्द. पण येथे अन्नाबरोबर निवाराही मिळे. अनेक छत्रांना राणीवशातील स्त्रियांची नावे आहेत. तंजावूरच्या दक्षिणेस ओरत्तनाडू येथील मुक्ताम्बाळ छत्र हे दुसऱ्या सरफोजी राजांनी मुक्ताम्बा या आपल्या प्रिय स्त्रीच्या स्मरणार्थ १८०२ साली उभारले.

त्या सायंकाळी मुक्कामी परतल्यावर ओट्यावर बसून ह्यांनी सरफोजींच्या एका पत्राची हकीकत सांगितली. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला, तेव्हा छत्रांचे उत्पन्नही जाते की काय, अशी चिंता राजांना पडली. १८०१ साली त्यांनी इंग्रज रेसिडेंटास पत्र लिहून छत्रांचे काम कसे चालते ते कळविले. तेथे ब्राह्मणापासून अस्पृश्य मानलेल्यांपर्यंत प्रत्येक वाटसरूस अन्न मिळे. कोणी शिजविलेले घेत नसेल, तर त्यास शिधा मिळे. आजाऱ्यासाठी वैद्य, पोरक्या मुलांसाठी शिक्षक, गरोदर स्त्रियांची देखभाल, आणि थकलेल्यास बरे वाटेपर्यंत आसरा, अशी सोय होती. मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा होई, की अजून कोणी जेवावयाचे राहिले असेल तर त्याने यावे.

मुले घंटेच्या गोष्टीत रंगून गेली. सासूबाई मात्र थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मध्यरात्रीपर्यंत वाढायचे म्हटल्यावर वाढणारी माणसे केव्हा जेवत असतील रे?"

ह्यांना उत्तर देता आले नाही. मलाही नाही. घराची सून जवळच बसली होती. तिला इंग्रजी चांगले येई. तिने तो प्रश्न तमिळमध्ये करून पाट्टींना सांगितला. पाट्टी मोठ्याने हसल्या आणि काही बोलल्या. सुनेने त्याचा अर्थ सांगितला, "माझी सासू शेवटी जेवत असे, म्हणून मीही शेवटी जेवते. असे का, ते मी कधी कोणाला विचारले नाही."

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द

या भागात मुक्कामास जावयाचे असेल, तर पोंगलनंतरचे चार-सहा आठवडे उत्तम. ईशान्य मोसमी पाऊस संपलेला असतो आणि ऊन सुसह्य असते. मे महिन्यात उष्मा फार. मात्र त्या दिवसांत पापनाशम तालुक्यातील मेलट्टूर गावी नरसिंह जयंतीच्या सुमारास भागवतमेळ्याची तेलुगू नाटके होतात, ती हौशी माणसाने पाहावी. मंदिरे दुपारी बंद असतात, म्हणून दर्शन सकाळी किंवा चारनंतर ठरवावे. बारा ज्योतीर्लिंगांप्रमाणे सारी देवळे एका फेरीत उरकण्याचा हट्ट धरू नये. एक दिवस दारासुरम येथील ऐरावतेश्वराचे बाराव्या शतकातील शिल्प आणि स्वामीमलै येथील मेणाच्या साच्यातून मूर्ती ओतणारे कारागीर यांना द्यावा, एक तंजावूरला द्यावा, आणि निदान दोन दिवस कोठेही न जाता काढावेत. खोली ठरविताना, जेवण घरचे मिळेल काय आणि वृद्धांना पायऱ्या किती चढाव्या लागतील, ही चौकशी आधी करावी. कुटुंबाच्या सुटीचा खर्च मांडताना रांधणारीची सुटी हा रकाना त्यात असावा, एवढीच माझी सूचना.

शेवटच्या दिवशी दुपारी पाने मांडली गेली, तेव्हा सासूबाई नेहमीप्रमाणे भिंतीशी उभ्या राहिल्या. मग काय मनात आले कोण जाणे, त्या पाट्टींपाशी गेल्या, त्यांचा हात धरला आणि पहिल्या पानाकडे बोट दाखविले. पाट्टींनी मान हलविली. सासूबाईंनी हात सोडला नाही. अखेर दोघी शेजारी शेजारी बसल्या.

वाढावयास मी, घराची सून, हे आणि आमचा मुलगा असे चौघे उभे राहिलो. मुलाने रसम भातावर न वाढता भाजीवर ओतले, ह्यांनी पापड दोनदा वाढले आणि मीठ विसरले. दोघी वृद्धा एकमेकींकडे पाहून हसत होत्या, आणि चुका दाखविण्यासाठी त्यांना भाषेची गरज पडत नव्हती. जेवण संपल्यावर पाट्टींनी आपले पान आपल्या बाजूस मिटले. जेवण आवडल्याची ती तिकडची खूण. सासूबाईंनी ते पाहून आपलेही पान तसेच मिटले.

घरी परतल्याला आता काही महिने झाले. सासूबाई अजून पहाटेच उठतात. तो नेम सुटणार नाही. पण रविवारी दुपारी त्यांचे पान पहिल्या पंगतीत असते, आणि वाढावयास बापलेक उभे राहतात. मीठ अधूनमधून अजूनही विसरते.